पाठीवर सॅक, समोर सोल : पहिले दोन दिवस कसे काढावेत

सोल नकाशावर सपाट दिसतं, पायांना मात्र ते उभं लागतं. मेट्रोचा प्लॅटफॉर्म जमिनीखाली कितीतरी मजले, गेस्टहाउस टेकडीच्या चढावर, जेवायची जागा वरच्या मजल्यावर नाहीतर तळघरात. पहिल्या दिवशी पाय बोलायला लागतात ते या चढउतारांनी. म्हणून 'किती किलोमीटर' हा प्रश्न मागे ठेवायचा आणि 'कुठल्या स्टेशनाचं कितव्या नंबरचं दार' हा पुढे आणायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की एरवी परकं वाटणारं हे शहर फार सोपं होतं.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर दक्षिण कोरियाचा व्हिसा आधीच काढावा लागतो. पर्यटनासाठीचा प्रकार सी-३-९. के-ईटीए ही ऑनलाइन परवानगी व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. ती भरून चालेल असं समजून पैसे घालवू नका. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नसते.

सॅक ४० लिटरची, भरून ९-१० किलोंच्या आत. यापेक्षा मोठी सॅक स्टेशनातल्या लहान-मध्यम लॉकरमध्ये मावत नाही, तीन दांड्यांच्या फिरत्या गेटमध्ये अडकते आणि गर्दीच्या डब्यात लोकांना लागते. वजन कमी करायचं तर कपड्यांतून करा, कारण गेस्टहाउसात वॉशिंग मशीन बहुधा असतंच आणि गल्लोगल्ली नाण्यांवर चालणाऱ्या लॉन्ड्र्या आहेत. मोजे मात्र चांगले घ्या, भोक नसलेले. गेस्टहाउस, जमिनीवर बसून जेवायची हॉटेलं, मंदिरं, सगळीकडे दाराशी चपला-बूट काढावे लागतात. बूट झटकन निघणारे असले तर दिवसातून आठ वेळा नाड्या बांधत बसावं लागत नाही.

विजेचा दाब २२० व्होल्ट आहे, त्यामुळे कन्व्हर्टरची गरज नाही. भारतातला दोन बारीक गोल पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये जातो, पण थोडा सैल बसतो आणि रात्रीतून निसटतो. सकाळी फोन तसाच रिकामा. लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग मुळीच बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर हवा.

फोनमध्ये तीन गोष्टी विमानात बसण्याआधी टाकून ठेवा: नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप, पापागो हे भाषांतराचं ॲप आणि गेस्टहाउसचा कोरियन लिपीतला पत्ता, त्यांच्या फोन नंबरासकट. तपशीलवार नकाशे देशाबाहेर नेण्यावर कोरियन कायद्याची बंधनं आहेत. त्यामुळे गूगल मॅप तिथे बस-मेट्रो दाखवतो, पण चालत जायचा नेमका रस्ता अनेक वर्षं दाखवत नव्हता. त्याच्यावर विसंबून निघू नका. नेव्हर मॅप इंग्रजीत चालतो, फक्त रोमन लिपीतलं नाव टाकलं तर कधी कधी जागा सापडतच नाही, कारण एकच कोरियन नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं. अशा वेळी कोरियन नाव कॉपी करून टाका किंवा सरळ त्या जागेचा फोन नंबर शोधपट्टीत टाका. नंबर टाकला की जागा बहुतेक वेळा बरोबर सापडते.

लिपीला दोन संध्याकाळी द्या

हंगुल लिपी राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. आज वापरात असलेली मूळ अक्षरं २४: १४ व्यंजनं, १० स्वर. मराठी माणसाला ती लवकर जमते. व्यंजनाला काना-मात्रा लावावी तसा स्वर जोडून एक अक्षर बनतं आणि चौकोनात बसतं. शिवाय ग-ख, द-थ, ज-छ असा फरक आपल्या कानाला आयता कळतो. त्यासाठी युरोपियन प्रवाशांना झगडावं लागतं. रोमन पाट्यांवर 'ई' आणि 'ओ' ही अक्षरं शेजारी दिसली की 'इओ' म्हणू नका. तो 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला एकच स्वर आहे.

अर्थ कळला नाही तरी काही शब्द नजरेने ओळखता यायला हवेत. 'छुल्गु' म्हणजे बाहेर जायचा रस्ता, 'इप्गु' म्हणजे आत जायचा. 'ह्वाजांगशिल' म्हणजे स्वच्छतागृह, त्यावर 'नामजा' पुरुष आणि 'योजा' स्त्रिया. दारावर 'मिसेयो' असेल तर ढकला, 'दांगिसेयो' असेल तर ओढा. ऑर्डर घेणाऱ्या मशीनवर 'मेजांग' म्हणजे इथेच बसून खाणार, 'फोजांग' म्हणजे बांधून नेणार.

विमानतळावरून शहरात

इंचॉन विमानतळाखालून दोन प्रकारच्या गाड्या सुटतात. एक्सप्रेस थेट सोल स्टेशनला जाते, मध्ये कुठे थांबत नाही. टर्मिनल १ पासून तिला साधारण ४३ मिनिटं लागतात आणि तिचं तिकीट वेगळं असतं. दुसरी सगळ्या स्टेशनांवर थांबणारी. तिला सोल स्टेशनपर्यंत तासभर लागतो आणि भाडं पाच हजार वॉनच्या आसपास, म्हणजे एक्सप्रेसच्या निम्म्याहूनही कमी. सॅकवाल्याने थांबत जाणारी गाडीच घ्यावी. पंधरा-वीस मिनिटं वाचवण्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. होंगदे भागात उतरणार असाल तर एक्सप्रेस तुम्हाला पुढे सोल स्टेशनला नेऊन सोडते आणि तिथून उलटं यावं लागतं. साधी गाडी होंगदेच्या होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशनवर थांबतेच.

गाडीत बसण्याआधी विमानतळावरच्या सीयू किंवा जीएस२५ सारख्या सुविधा दुकानातून टी-मनी हे मेट्रो-बसचं कार्ड घ्या. कार्डाचे तीन-चार हजार वॉन जातात आणि ते परत मिळत नाहीत. आत भरायचे पैसे वेगळे. पहिल्या दोन दिवसांना २०,००० वॉन पुरतात. इथे एक अडचण हमखास येते. दुकानात चहा-बिस्किटांसाठी परदेशी कार्ड चालतं, टी-मनीत पैसे भरायला मात्र बहुतेक ठिकाणी रोखच लागते. विमानतळावर 'ग्लोबल एटीएम' असं लिहिलेल्या मशीनमधून आधी थोडे वॉन काढा. डॉलर बदलायचे असतील तर तिथे गरजेपुरतेच बदला. म्योंगदोंग या खरेदीच्या भागातल्या मनी चेंजरकडे भाव चांगला मिळतो. नोटा नीट बघून द्या: ५,००० ची आणि ५०,००० ची नोट दोन्ही पिवळसर-केशरी अंगाच्या आहेत आणि घाईत शून्य मोजायचं राहून जातं.

क्लायमेट कार्ड नावाचा अमर्याद प्रवासाचा पासही आहे. पर्यटकांसाठी १ दिवसाचा ५,०००, ३ दिवसांचा १०,०००, ५ दिवसांचा १५,००० वॉन, आणि कार्डाचे ३,००० वेगळे. दिवसाला चार-पाच वेळा मेट्रो किंवा बस होणार असेल तर तो परवडतो. मात्र या पासावर विमानतळापासून प्रवास सुरू करता येत नाही (शहरातून येऊन विमानतळावर बाहेर पडता येतं), शिनबुंदांग लाइनवर तो चालत नाही आणि सोलच्या हद्दीबाहेर काही ठरावीक भागांतच चालतो. म्हणून पहिला प्रवास टी-मनीवर करा, पास शहरात पोहोचल्यावर घ्या.

मेट्रो: नावापेक्षा नंबर

प्रत्येक स्टेशनाला नंबर असतो आणि लाइन १ ते ८ वर त्याचा पहिला आकडा लाइन सांगतो. ग्योंगबोकगुंग ३२७, आंगुक ३२८: दोन्ही लाइन ३ वर, शेजारी शेजारी. ह्येहवा ४२०, दोंगदेमुन ४२१, म्योंगदोंग ४२४: लाइन ४. नंबर वाढतायत की कमी होतायत यावरून गाडी बरोबर दिशेला चालली आहे का तेही कळतं. नावांनी मात्र गोंधळ होतो. दोंगदेमुन आणि दोंगदेमुन हिस्ट्री अँड कल्चर पार्क ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, एकाला लागून एक. जोंगनो ३-गा आणि जोंगनो ५-गा वेगळी. शिनछोन नावाची तर दोन स्टेशनं थोड्याच अंतरावर, वेगवेगळ्या लाइनींची, आतून न जोडलेली. वहीत नाव लिहाल तेव्हा शेजारी नंबर लिहा.

चुकीच्या बाजूने आत शिरलात आणि समोरचा प्लॅटफॉर्म हवा होता असं लक्षात आलं, तर घाबरू नका. लाइन १ ते ९ वर त्याच स्टेशनात, त्याच लाइनवर १५ मिनिटांच्या आत बाहेर पडून पुन्हा आत गेलं तर दुसऱ्यांदा भाडं कापलं जात नाही. ही सोय कार्डावर आहे, एका फेरीच्या सुट्या तिकिटावर नाही. त्या सुट्या तिकिटावर ५०० वॉन अनामतही भरावी लागते आणि उतरल्यावर मशीनमध्ये घालून परत घ्यावी लागते. एवढं एकच कारण कार्ड घ्यायला पुरे.

तीन लाइनींवर सावध राहायचं. लाइन १ गुरो स्टेशनच्या पुढे फुटते, एक फाटा इंचॉन शहराकडे आणि दुसरा दक्षिणेला खूप लांब. डब्यावरचं शेवटच्या स्टेशनाचं नाव न बघता चढलात तर तासभर गेला. लाइन ९ वर एक्सप्रेस गाड्या मधली स्टेशनं गाळतात. लाइन २ हिरवी, गोल फिरणारी. आतली फेरी आणि बाहेरची फेरी अशा दोन दिशा. चुकून उलट्या दिशेची घेतली तरी कधीतरी पोहोचालच, पण पूर्ण फेरीला दीड तास लागतो. रात्री साडेअकरानंतर या लाइनच्या काही गाड्या मध्येच संपतात आणि सगळ्यांना उतरवतात. त्यानंतर 'एन' अक्षराच्या रात्रबस असतात, नाहीतर टॅक्सी. टॅक्सीचं मूळ भाडं पहिल्या १.६ किलोमीटरला ४,८०० वॉन आहे आणि रात्री १० ते पहाटे ४ पर्यंत ते वेळेनुसार २० ते ४० टक्के चढतं.

बसमध्ये पुढून चढायचं, मागून उतरायचं, आणि उतरतानाही कार्ड टेकवायचं. उतरताना टेकवलं नाही तर बदलीची सवलत जाते आणि वर जादा भाडंही पडू शकतं. टेकवलं तर ३० मिनिटांत (रात्री ९ ते सकाळी ७ एका तासात) दुसरी बस किंवा मेट्रो पकडता येते आणि मूळ भाडं पुन्हा लागत नाही, फक्त अंतराचा फरक. उघड्या कपातली कॉफी घेऊन चढू देत नाहीत. सोलमध्ये हा नियम २०१८ पासून आहे. निळी बस लांब पल्ल्याची, हिरवी आसपासच्या वस्तीतली, लाल उपनगरांत जाणारी.

डब्यात सॅक पोटाशी घ्या किंवा पायांमध्ये ठेवा. टोकाकडच्या ज्येष्ठांच्या जागा आणि गरोदर स्त्रियांची गुलाबी जागा रिकामी दिसली तरी तिथे बसू नये. गाडी फार शांत असते. फोनवर नेहमीच्या आवाजात बोललात तरी अख्खा डबा ऐकतो.

दाराचा नंबर

मोठ्या स्टेशनाला दहा-पंधरा दारं असतात. चुकीच्या दाराने वर आलात तर सहा-आठ पदरी रस्ता आडवा येतो आणि जवळपास झेब्रा क्रॉसिंग नसतं. पुन्हा खाली उतरा, शंभर पावलं चाला, पुन्हा वर चढा. म्योंगदोंग हे समजायला चांगलं उदाहरण आहे. खरेदीची सपाट गल्ली दार ६ च्या बाजूला. दार ३-४ वर आलात की नामसान टेकडीचा चढ सुरू होतो. स्वस्त गेस्टहाउसं पुष्कळदा या चढाच्या बाजूला असतात. बुकिंगच्या पानावर 'स्टेशनपासून ५ मिनिटं' लिहिलेलं खरंच असतं, पण ते रिकाम्या हाताने चढणाऱ्याचं. होंगिक युनिव्हर्सिटीला दार ९ वर सगळं जग एकमेकांची वाट बघत उभं असतं. शेजारचं दार ८ त्या मानाने मोकळं. दार ३ योननाम-दोंगच्या शांत गल्ल्यांकडे आणि जुन्या रेल्वेमार्गावरच्या बागेकडे निघतं. विमानतळाच्या गाडीतून उतरून दार ९ पर्यंतचा भुयारी रस्ता मात्र चांगलाच लांब आहे.

बुकिंग करतानाच विचारून घ्या: कुठलं दार, त्या दाराला लिफ्ट किंवा सरकता जिना आहे का, वाटेत चढ आहे का.

वर आल्यावर पत्ता वाचता आला तर नकाशाही फार लागत नाही. २०१४ पासून अधिकृत पत्ते रस्त्याच्या नावाने लिहिले जातात. 'देरो' सगळ्यात रुंद रस्ता, 'रो' त्याहून लहान, 'गिल' म्हणजे गल्ली. रस्त्याच्या सुरुवातीपासून डाव्या हाताला विषम नंबर, उजव्या हाताला सम, आणि दर २० मीटरला नंबरांची एक जोडी. म्हणजे ५० नंबरची इमारत रस्त्याच्या सुरुवातीपासून साधारण ५०० मीटरवर. समोर ३२ दिसतंय आणि हवंय ५०, तर १८० मीटर पुढे. मजले मोजताना लक्षात ठेवा की कोरियातला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. 'तिसऱ्या मजल्यावर' असं लिहिलं असेल तर दोनच जिने चढायचे. लिफ्टमध्ये ४ ऐवजी कधी कधी 'एफ' अक्षर असतं.

राहण्याची जागा

डॉर्ममधला पलंग साधारण २०,००० ते ४०,००० वॉन, शुक्रवार-शनिवारी चढा. होंगदे तरुणांचा, रात्रभर जागा असणारा भाग. तिथे शनिवारी झोपेची अपेक्षा ठेवू नका. पहिल्या खेपेला आंगुक आणि जोंगनो ३-गा यांच्या आसपासचा भाग उत्तम: राजवाडे चालत गाठता येतात, मेट्रोच्या तीन लाइनी मिळतात आणि रात्री शांत असतं. गोशिवोन म्हणजे मुळात परीक्षार्थींसाठीच्या कोंदट, चिमुकल्या खोल्या. एकट्याला आठवडाभर स्वस्तात राहायचं तर चालतात, बहुतेक ठिकाणी भात आणि किमची फुकट असते. खिडकीच्या खोलीचे थोडे पैसे जास्त पडतात. ते द्यावेत. बिनखिडकीच्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही.

अनेक गेस्टहाउसांत काउंटरवर कुणी नसतं; दाराचा आकडा मेसेजवर येतो. कुलूप असं उघडतं: काळ्या काचेवर तळहात टेकवा, आकडे उजळतात, आकडा दाबा, शेवटी चांदणी दाबा. चांदणी विसरली की दार उघडत नाही आणि लोकांना आकडाच चुकला असं वाटतं. दार बंद होताच आपोआप कुलूप लागतं. आकडा फोनमध्ये आणि फोन आत, असं झालं तर बाहेरच उभं राहावं लागेल, म्हणून कागदावरही लिहून ठेवा.

चेक-इन बहुधा दुपारी ३ ला. सकाळी पोहोचलात तर सॅक तिथेच ठेवायची परवानगी आधी मागून ठेवा. नाही मिळाली तर स्टेशनातले लॉकर. मोठे लॉकर कमी असतात आणि पर्यटकांच्या स्टेशनांवर सकाळी ११ पर्यंत भरतात. म्योंगदोंगला भरले असतील तर एक-दोन स्टेशनं बाजूला जा.

जेवण, विशेषतः एकट्याचं

दुपारी ३ ते ५ पुष्कळ हॉटेलं बंद असतात. या वेळात भूक लागली की सॅकवाल्याला सुविधा दुकानाशिवाय पर्याय राहत नाही, म्हणून दुपारचं जेवण दोनच्या आत. सकाळी कॅफेसुद्धा उशिरा उघडतात. न्याहारीला गिंबापची (समुद्रशेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताची) लहान हॉटेलं आणि सूप-भाताची गुकबापची दुकानं बघा.

मांस भाजून खायच्या हॉटेलात आणि मोठ्या पातेल्यात शिजणाऱ्या पदार्थांना किमान दोन माणसांची ऑर्डर लागते. हा एकट्यावरचा राग नव्हे. शेगडी आणि पातेलं त्याच मापाचं असतं. एकट्याने गिंबाप, बिबिंबाप (भाज्या घालून कालवलेला भात), काल्गुक्सु (रश्शातल्या शेवया), गुकबाप यांच्याकडे वळावं. गिंबापची गुंडाळी चार-पाच हजार, गुकबाप दहा हजाराच्या आसपास. आत शिरताना एक बोट दाखवून 'हान म्योंग' म्हणायचं. चमचे-काड्या टेबलाच्या कडेच्या खणात असतात, पाणी फुकट आणि बहुधा स्वतः घ्यायचं, बोलवायला टेबलावर बटण किंवा 'योगीयो' अशी हाक. सोबतच्या भाज्या-लोणची पुन्हा मागितली तर पुन्हा मिळतात. बिल उठून काउंटरवर द्यायचं. टिप देत नाहीत.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा रश्शात असते. भाजीचं दिसणारं सूपसुद्धा सुक्या माशांच्या पाण्यात केलेलं असतं, किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो, साध्या गिंबापमध्येही हॅमची पट्टी असते. 'गोगी प्पेजुसेयो' म्हणजे मांस काढून द्या. पण ऐकणाऱ्याच्या मनात मासे आणि हॅम 'गोगी'त येतीलच असं नाही. म्हणून वेगवेगळं सांगा: 'सोगोगी' गोमांस, 'द्वेजीगोगी' डुकराचं मांस, 'म्योल्छी' सुके छोटे मासे, आणि हॅम तर हॅमच. पापागोवर पूर्ण वाक्य लिहून दाखवणं सगळ्यात खात्रीचं. साध्या रामयोनच्या (झटपट नूडल्सच्या) मसाल्यात बहुतेकदा गोमांसाचा अर्क असतो. ओतोगी कंपनीचं 'छेह्वांग' हे भाज्यांचं आहे. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी हॉटेलं इन्सादोंगच्या आसपास आहेत. महाग पडतं, पण निर्धास्त खाता येतं.

सुविधा दुकानातला त्रिकोणी गिंबाप उघडायची रीत वेष्टनावर १, २, ३ आकड्यांनी दिलेली असते. मधली पट्टी आधी पूर्ण खाली ओढायची, मग एक कोपरा, मग दुसरा. उलट क्रमाने गेलं की समुद्रशेवाळाचं पान प्लॅस्टिकबरोबर निघून येतं आणि हातात नुसता भात राहतो.

कचरा आणि स्वच्छतागृह

रस्त्यावर कचऱ्याचे डबे फार कमी आहेत. १९९५ पासून कोरियात घरचा कचरा विकतच्या ठरावीक पिशव्यांतूनच टाकावा लागतो. रस्त्यावर डबा ठेवला की लोक घरचा कचरा त्यात आणून टाकतात, म्हणून ते कमी होत गेले. सॅकच्या बाजूच्या खिशात एक झिपची पिशवी ठेवा आणि मेट्रो स्टेशनात रिकामी करा. गेस्टहाउसात उरलेलं अन्न, प्लॅस्टिक, काच, कागद वेगळं टाकायचं असतं.

स्टेशनांतली स्वच्छतागृहं फुकट आणि स्वच्छ. काही ठिकाणी ती गेटच्या आत असतात, म्हणून बाहेर पडायच्या आधी पाटी बघा. जेट सगळीकडे नसतो. सवय असेल तर लहान बाटली जवळ ठेवा.

पहिला चालण्याचा दिवस

पोहोचलेल्या दिवशी फक्त राहत्या भागात फिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला ग्योंगबोकगुंग, दार ५. हा राजवाडा १३९५ मध्ये बांधला. तिकीट ३,००० वॉन राहिलं आहे, हानबोक हा पारंपरिक पोशाख घातलेल्यांना फुकट. मंगळवारी बंद. छांगदोकगुंग हा दुसरा राजवाडा सोमवारी बंद. हे उलटसुलट वार लक्षात न ठेवल्याने अनेकांचा दिवस फुकट जातो. पहारा बदलण्याचा सोहळा १० ला आणि २ ला होतो.

ग्योंगबोकगुंगहून पूर्वेकडे बुकछोन या जुन्या वस्तीतून चालत छांगदोकगुंग अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. बुकछोनच्या लाकडी घरांत माणसं राहतात. सर्वांत गर्दीच्या गल्लीत पर्यटकांना फक्त सकाळी १० ते संध्याकाळी ५ फिरता येतं आणि मार्च २०२५ पासून ते मोडल्यास एक लाख वॉन दंड आहे. १० च्या नंतर जा, हळू बोला, दारांत बसून फोटो काढू नका. छांगदोकगुंगची मागची बाग वेगळ्या तिकिटावर, ५,००० वॉन, आणि ठरलेल्या वेळेच्या तुकडीतच मिळते. शरदात, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ते तिकीट ऑनलाइन आधी न काढता गेलं तर बहुधा मिळत नाही.

दुपारनंतर ग्वांगजांग बाजार, जोंगनो ५-गा, दार ८. इथला बिंदेत्तोक म्हणजे वाटलेल्या मुगाचं जाड, कुरकुरीत धिरडं. पिठात अनेकदा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. बसण्याआधी पाटीवरची किंमत आणि ताटाचा आकार बोटाने दाखवून नक्की करा. बाजाराजवळूनच छोंगग्येछोन ओढा वाहतो. त्याच्यावरचा उड्डाणपूल पाडून २००५ मध्ये तो पुन्हा उघडा केला. काठाकाठाने पश्चिमेकडे चालत गेलात तर गाड्यांचा आवाज वरच राहतो.

पाय शिल्लक असतील तर संध्याकाळी जुन्या तटबंदीचा नाकसान टप्पा करा: ह्येहवामुन दरवाजा ते हुंगिनजिमुन दरवाजा, २.१ किलोमीटर, रमतगमत तास-सव्वा तास. अख्खी तटबंदी १८.६ किलोमीटर, पण एवढा एक तुकडा तिची चव द्यायला पुरेसा आहे. चढ सौम्य आहे आणि अंधार पडताना खाली दिवे लागत जातात.

जूनअखेर ते जुलैअखेर पावसाळा असतो. तेव्हा सॅकला कव्हर नव्हे, आतून मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावा. पाठीकडून झिरपणारं पाणी कव्हर अडवत नाही. सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसोक (शरदातला सुगीचा सण) या दोन मोठ्या सणांत लहान हॉटेलं दोन-तीन दिवस बंद असतात आणि शहराबाहेरची रेल्वे तिकिटं मिळत नाहीत.

जिमजिलबांगमध्ये एक रात्र

जिमजिलबांग म्हणजे गरम खोल्यांचं सार्वजनिक स्नानगृह. दमलेल्या अंगाला याच्याइतकं चांगलं काही नाही. प्रवेश साधारण १२,००० ते २०,००० वॉन. रात्रभर राहता येतं का ते आधी विचारा, काही ठिकाणी आता राहू देत नाहीत. १९ वर्षांखालच्यांना रात्री १० ते पहाटे ५ पालकांशिवाय प्रवेश नाही. बूट लॉकरात, त्याची किल्ली काउंटरवर, बदल्यात कपड्यांचा जोड, टॉवेल आणि कपड्यांच्या लॉकरची किल्ली. सॅक या लॉकरात मावत नाही. काउंटरवर ठेवायला सांगा किंवा आधीच स्टेशनात सोडून या.

स्नानगृहं स्त्री-पुरुषांची वेगळी, आणि आत पूर्ण विवस्त्र जावं लागतं. पोहण्याचा पोशाख चालत नाही. संकोच वाटेल, पण पाच मिनिटांनी कळतं की कुणी कुणाकडे बघत नाही. नको असेल तर स्नान टाळून थेट कपडे घालून गरम खोल्यांत जाता येतं, तिथे सगळे एकत्र असतात. स्नान करणार असाल तर कुंडात उतरण्याआधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ आणि केस वर बांधणं हे दोन नियम काटेकोर आहेत. गरम खोलीत पहिल्या खेपेला दहा मिनिटं, मग बाहेर येऊन पाणी किंवा थंड सिख्ये (भाताचं गोड पेय). झोपायला मोठ्या हॉलमध्ये पातळ गाद्या असतात. भिंतीची जागा दहाच्या आत धरा, दारापासून लांब, आणि कानात बोळे घाला.

निघताना

टी-मनीतली उरलेली रक्कम २०,००० वॉनच्या आत असेल तर सुविधा दुकानात ५०० वॉन कापून परत देतात. पण विमानतळापर्यंतचं भाडं त्यातच ठेवून मग हिशेब करा, आणि उरलेलं विमानतळावरच्या दुकानात काढा. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ही गाडीची दोन वेगळी स्टेशनं आहेत. आपलं विमान कुठून आहे ते आदल्या रात्री तिकिटावर बघा. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर मोफत बस आहे, पण वाट बघण्यासकट अर्धा तास धरावा.